उपड्या तळव्यावरची धूळ

१

निघोजे गावाच्या बाहेर, मोठ्या कंपन्यांच्या भिंती संपतात तिथे नौशादचा पत्र्याचा कारखाना आहे. तिथे फायबरच्या मूर्ती बनतात. कापडदुकानांतले पुतळे, मंगल कार्यालयांच्या दारातले हत्ती, शाळेच्या बागेतले जिराफ. स्वरूपा तिथे नऊ वर्षं रंगकामाला होती. चेहरे, हात आणि डोळे तिच्याकडे. नौशाद गिऱ्हाइकांना सांगायचा, "बाकी सगळं कुणीही करेल. पण स्वरूपाताईंनी डोळा भरल्याशिवाय मूर्ती जागी होत नाही."

फायबर घासलं की त्याची पांढरी, बारीक धूळ उडते. दिवसभर भिमाजी ग्राइंडर चालवायचा. तो निघोज्यातलाच, साठीचा माणूस, तोंडाला उपरणं बांधून काम करणारा. त्याने उडवलेली धूळ रात्रभर हवेतून सावकाश खाली उतरायची आणि सकाळी प्रत्येक वस्तूवर पिठासारखा एकसारखा थर बसलेला असायचा. स्वरूपा साडेआठलाच यायची, शटर उचलायची आणि ओल्या फडक्याने सगळं पुसून काढायची. या अर्ध्या तासात तिला काही आठवत नसे. चौदा महिन्यांपूर्वी तिची सात वर्षांची मुलगी सायली तीन दिवसांच्या तापात गेली, तेव्हापासून असे अर्धे तास ती जपून ठेवत असे.

त्या मंगळवारीही ती पुसत पुसत रंगाच्या खोलीत आली. खोली म्हणजे कारखान्याचाच एक कोपरा, जाड प्लास्टिकचा पडदा लावून वेगळा केलेला. आत नव्या ऑर्डरच्या सात मूर्ती होत्या. सहा माणसं मोठी आणि एक मूल. मोठ्यांच्या केसांवर धूळ होती, खांद्यांवर होती, बुबुळं भरायची राहिलेल्या डोळ्यांतही होती. मुलाच्या खांद्यांवर होती, गुडघ्यांवर होती.

डोक्यावर नव्हती.

काळेभोर नायलॉनचे केस स्वच्छ होते, नुकतंच कुणीतरी हात फिरवल्यासारखे.

स्वरूपाने फडकं तसंच हातात धरलं. मग तिने मान हलवली, मुलाचे खांदे पुसले आणि ती पुढे गेली.

२

ऑर्डर आणली होती दिव्याने. ती पुण्यातल्या एका संग्रहालयं सजवणाऱ्या कंपनीत होती. लॅपटॉप उघडून तिने नकाशा दाखवला होता. निळ्या समुद्रात बेटांची एक वाकडी माळ आणि त्यातला एक मणी, टाचणीच्या टोकाएवढा.

"हे कॅरिबियन. हे बेट आपल्या चाकणपेक्षा फार मोठं नाही," ती म्हणाली. "इथे हजारो वर्षं माणसं राहत होती. अख्ख्या झाडाच्या होड्या कोरून एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जायची. सुताच्या झोळ्यांत झोपायची. कसावा नावाचा कंद किसायची, तो विषारी असतो, म्हणून वेताच्या लांब पिशवीत घालून पिळायची आणि मातीच्या तव्यावर त्याची भाकरी करायची. ताई, आपला साबुदाणा करतात ना, तोच हा कंद. तिकडूनच आला आपल्याकडे."

स्वरूपाला नवल वाटलं. कुठलं ते बेट, आणि कुठला तिच्या डब्यातला साबुदाणा.

"आता कुठं असतात ती लोकं?" भिमाजीने विचारलं.

"नाहीत, काका. पाचशे वर्षांपूर्वी जहाजं आली. काहींना धरून मोठ्या बेटावर खाणीत कामाला नेलं, काही नव्या रोगांनी मेली. या बेटावर शेवटी एकही माणूस उरला नाही. ती या बेटाला काय म्हणायची, तेसुद्धा कुणाला माहीत नाही."

"येक बी न्हाई?" भिमाजीने ग्राइंडर खाली ठेवला. "आरं देवा."

मग दिव्याने दोन चेहरे दाखवले. बाकीच्या मूर्ती कल्पनेने करायच्या होत्या, पण हे दोन खरे होते. एका घराच्या जमिनीखाली दोन सांगाडे सापडले होते, एक बाईचा, एक मुलाचा. कवट्यांवरून तिकडच्या लोकांनी चेहरे घडवले होते आणि त्यांचे साचे पाठवले होते.

"घरात पुरलेलं?" स्वरूपाने विचारलं.

"हो. गुडघे छातीशी घेऊन, झोपल्यासारखं. आपण रोज चालतो त्या जमिनीखाली. का, ते आता कोण सांगणार?"

स्वरूपाला विचारायची गरज नव्हती. सायलीला नेलं त्या दिवशी तिच्या मनात हेच आलं होतं, की इतक्या लांब कशाला.

"मुलगा की मुलगी?"

"इतक्या लहान हाडांवरून नाही कळत. सहा-सात वर्षांचं असेल. ती बाईसुद्धा त्याची आईच होती असं काही नाही सांगता येत, ताई. फक्त शेजारी होती."

३

बुधवारी सकाळीही मुलाचं डोकं स्वच्छ होतं. शुक्रवारीही.

स्वरूपा अडाणी नव्हती. परभणीहून बारावी होऊन आलेली होती आणि अंगात येणं, दृष्ट काढणं यांवर तिचा कधी विश्वास नव्हता. तिने एकेक गोष्ट तपासली. वरचा एक्झॉस्ट पंखा रात्री बंद असतो. मांजर आलं तर पाय उमटतील, ते कुठेच नव्हते. भिमाजीला विचारलं, तर तो म्हणाला, "म्या कशाला हात लावू? माझ्या हाताला रेझिन आस्तंय. चिकटंल की."

शनिवारी संध्याकाळी सगळे गेल्यावर तिने पुट्टीची मूठभर भुकटी घेतली आणि मुलाच्या डोक्यावर चाळणीने चाळली. काळे केस पांढरे झाले. शटरला कुलूप लावलं आणि दोन्ही किल्ल्या स्वतःच्या पर्समध्ये टाकल्या.

रविवारी ती रोजच्यापेक्षा लवकर, सगळ्यांच्या आधी आली.

पांढऱ्या केसांत टाळूपासून मानेपर्यंत चार काळ्या रेघा होत्या. चार बोटांच्या. एकदाच फिरलेला हात नव्हता तो. रेघांवर रेघा होत्या. सावकाश, पुन्हा पुन्हा.

ती किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. मग तिने वळून त्या दोन खऱ्या चेहऱ्यांपैकी दुसऱ्याकडे, बाईकडे पाहिलं. भाकरी करणारी ती बाई मुलापासून चार हातांवर मांडी घालून बसलेली होती, समोर मातीचा तवा आणि उजवा हात तव्यावर उपडा धरलेला, भाकरी थापताना असतो तसा. स्वरूपा खाली वाकली आणि तिने त्या हाताच्या खालून पाहिलं.

तळवा पांढरा होता.

धूळ वरून खाली पडते. उपड्या तळव्याला ती लागत नाही. हे तिने स्वतःशी दोनदा म्हटलं, मोठ्याने. पत्र्याच्या त्या शेडमध्ये तिचाच आवाज तिला दुसऱ्या कुणाचा तरी वाटला.

४

तळवड्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांत त्या संध्याकाळी तिने धनेशला सगळं सांगितलं. धनेश चाकणच्या एका कंपनीत असेंब्ली लाइनवर होता. शांत माणूस. सायली गेल्यापासून तो ओव्हरटाइम मागून घ्यायचा.

त्याने पूर्ण ऐकून घेतलं. मग ताट बाजूला सारलं.

"तूच करतेस ते, स्वरूपा."

"अहो, किल्ल्या माझ्याकडं होत्या."

"म्हणूनच तर." तो खालच्या आवाजात बोलत होता. "तू निघताना हात फिरवत असशील. तुझ्या लक्षात राहत नसेल. तुला एक सांगू? झोपेत तुझा हात हलतो. माझ्या आणि तुझ्या मध्ये. रोज. मी बघतो आणि काही बोलत नाही."

स्वरूपाने स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. सायलीचं नाक कायम चोंदलेलं असायचं. झोपताना तिचा श्वास बारीक शिट्टीसारखा वाजायचा आणि डोक्यावरून हात फिरवत राहिलं तरच तो संथ व्हायचा. सात वर्षांत हात न फिरवता ती एकदाही झोपली नव्हती.

"दुसरीकडं काम बघ," धनेश म्हणाला. "आणि ही खोलीपण सोडू. तिकडं माण गावात माझा मित्र आहे, तो बघून देतो."

"आणि तिचे कपडे?"

तो उठला आणि हात धुवायला गेला. नळ बराच वेळ चालू होता.

तिला वाटलं, धनेशचंच खरं असावं. तिला ते खरं असायला हवंसं वाटलं. अंथरुणावर पडल्यावर तिने स्वतःचा उजवा हात उशीखाली दाबून धरला.

सकाळी कारखान्यात गेली, तेव्हा मुलाचं डोकं पुन्हा स्वच्छ होतं.

५

यानंतर तिने कुणाला काही सांगितलं नाही. खरं म्हणजे तिची भीती ओसरत गेली होती आणि याचीच तिला भीती वाटायला लागली होती. सकाळी येताना पावलं आपोआप भरभर पडायची. पडदा सारून ती आधी मुलाकडे पाहायची. डोकं पुसलेलं दिसलं की छातीतलं काहीतरी सैल व्हायचं.

एकदा तिने मूल उचलून पार दुसऱ्या टोकाला, जिराफांच्या मागे ठेवलं. सकाळी डोक्यावर धूळ तशीच होती. आणि बाईच्या हाताखालच्या तव्यावर बोटांच्या रेघा होत्या, आडव्या-तिडव्या, सगळीकडे. अंधारात काही हरवलं की माणूस चाचपडतो, तशा.

स्वरूपाने धावत जाऊन मूल परत आणलं आणि बाईच्या अगदी जवळ ठेवलं.

"चुकलं माझं," ती म्हणाली, आणि आपण कुणाशी बोललो हे कळताच ती दोन पावलं मागे सरली.

त्याच आठवड्यात तिने दोघांचे डोळे भरले. मुलाचे डोळे तिने चित्रात होते तसे समोर ठेवले. बाईचे मात्र चित्रात तव्याकडे होते. तिने ते किंचित मुलाच्या बाजूला वळवले. दिव्याच्या लक्षातही आलं नसतं.

६

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दिव्याचा फोन आला. नौशादने तो स्पीकरवर टाकला.

"नौशादभाई, एक बदल आहे. मुलाची मूर्ती वेगळी पाठवायची. ती विमानाने जाईल, उरलेल्या सहा जहाजाने."

"बेटावर दोनदा पाठवायचं म्हणजे?"

"बेटावर नाही. ज्या देशाचं तिथे राज्य आहे ना, त्यांच्या राजधानीतल्या मोठ्या संग्रहालयाला मूल हवंय. हाडं तिकडेच आहेत. पूर्वी खोदून नेली होती, मुलाची तिकडे नेली, बाईची बेटावर राहिली. आता मूर्ती हाडांजवळ ठेवणार."

स्वरूपा हातातला ब्रश घेऊन पुढे आली. "दिव्याताई, दोघांना एकत्र नाही का ठेवता येणार? एका घरातली आहेत ती."

"मलाही वाटलं होतं, ताई. पण कागदावर दोन वेगळे नग आहेत ते."

फोन बंद झाल्यावर स्वरूपा म्हणाली, "भाई, नका पाठवू."

नौशाद तिच्याकडे बघत राहिला. त्याने सायलीला पाहिलं होतं. शाळेला सुट्टी असली की ती इथे यायची आणि हत्तीच्या पायाशी बसून रंगवत राहायची. तो हळू आवाजात म्हणाला, "ताई, फायबर आहे ते. आपण बनवलंय. तुम्ही दोन दिवस घरी बसा हवं तर, पॅकिंग मी करतो."

"नको," स्वरूपा म्हणाली. "मीच करते."

आणि बुधवारी दुपारी तिने ते मूल स्वतःच्या हाताने फोममध्ये गुंडाळलं. गुंडाळताना तिने बाईकडे पाठ केली होती. खोक्याला झाकण लावलं, भिमाजीने खिळे ठोकले. प्रत्येक ठोक्याला तिला वाटत होतं की मागे काहीतरी हलेल. काही हललं नाही. माल नेणाऱ्या रियाजने आपल्या टेम्पोत खोकं चढवलं आणि तो विमानतळाच्या रस्त्याला लागला.

निघण्यापूर्वी तिने एकदा बाईकडे पाहिलं. वळवलेले डोळे आता रिकाम्या जागेकडे बघत होते.

७

गुरुवारी औद्योगिक भागात वीज नसते, म्हणून कारखान्यांना सुट्टी. पण ग्राइंडर बंद असल्याने धूळ उडत नाही आणि शेवटचा वॉर्निशचा हात मारायला हाच दिवस बरा. स्वरूपा असे कितीतरी गुरुवार एकटीने काम करत आली होती.

ती बाराच्या सुमाराला आली. बाहेर ऊन होतं. शटर अर्धंच उचलून ती आत शिरली. छपरात मधे मधे बसवलेल्या पारदर्शक पत्र्यांतून उजेडाचे चौकोन खाली पडले होते. मशिनं गप्प होती. रस्त्यावरून जाणाऱ्या कंटेनरचा आवाजही इथवर येईपर्यंत विरून जात होता.

ती पडद्यापासून दहा पावलांवर असताना तिला ते ऐकू आलं.

सर्र. मग थांबून, पुन्हा सर्र.

कोरड्या हाताचा केसांवरून फिरतानाचा आवाज. तिला तो कुणी सांगायला नको होता.

मूल तर गेलं होतं. काल. खिळे तिच्या डोळ्यांदेखत ठोकले होते. मग केस कुणाचे?

ती पाय न वाजवता पडद्यापाशी आली. पडदा जाड आणि जुना होता, रंगाच्या शिंतोड्यांनी गढुळलेला. त्यापलीकडे उजेडाचा एक चौकोन पडला होता आणि त्यात सावल्या होत्या. मांडी घातलेली एक मोठी सावली. तिचा एक हात वर जात होता आणि खाली येत होता. आणि त्या हाताखाली, रंगाचा हात द्यायला स्वरूपा बसायची त्या छोट्या स्टुलाच्या उंचीवर, काहीतरी गोल होतं. गोल, काळं, एका बाजूला कललेलं.

मग दुसरा आवाज आला. बारीक. शिट्टीसारखा. आत, बाहेर. आत, बाहेर.

स्वरूपा जागीच थांबली. तिने भिंतीचा आधार घेतला. तिचं डोकं अजूनही काम करत होतं, हेच भयंकर होतं. ते म्हणत होतं, पत्र्याच्या फटीतून वारा येतोय. ते म्हणत होतं, धनेश सांगत होता ना. ते म्हणत होतं, पडदा सार, म्हणजे काही नाही हे दिसेल.

तिने पडद्याच्या कडेला बोटं लावली.

"सायली," ती म्हणाली.

हात थांबला. श्वासाचा आवाज थांबला.

पडद्यापलीकडे इतकी शांतता झाली, की कुणीतरी कान देऊन ऐकतंय हे तिला त्या शांततेतूनच कळलं. दोघी. गोल सावली हलली नाही. वळली नाही. आईच्या हाकेला ओ देऊन धावत आली नाही. शाळेच्या फाटकातून, खेळातून, झोपेतूनसुद्धा जी एका हाकेला उठायची, ती जागची हलली नाही. त्या वाट बघत होत्या. स्वरूपा निघून जाण्याची.

तिने बोटं काढून घेतली. एक पाऊल मागे घेतलं. मग आणखी एक.

दहाव्या पावलाला आवाज पुन्हा सुरू झाला. सर्र. सर्र. आणि त्यामागून ती शिट्टी, आता संथ.

स्वरूपा जिराफाच्या पायाशी बसली, तोंडात पदर कोंबून. ती पाच वाजेपर्यंत तिथेच होती. पाचला वीज आली, छतावरचा पंखा घरघरत फिरायला लागला आणि सगळे दिवे एकदम लागले. तेव्हा तिने पडदा सारला.

काही नव्हतं. बाई तव्यावर हात धरून बसली होती. स्टूल रिकामं होतं.

८

शुक्रवारी सकाळी स्वरूपा सगळ्यांच्या आधी आली. तिच्या हातात भिमाजीचा हातोडा होता. रात्रभर तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. आम्ही तिचं मूल नेलं, म्हणून तिने माझं घेतलं. पाचशे वर्षांपूर्वी कुणी नेलं, नंतर हाडं नेली, आणि आता तिसऱ्यांदा मी, स्वतःच्या हाताने फोममध्ये गुंडाळून.

ती बाईसमोर उभी राहिली. चेहरा रुंद होता, गालांची हाडं वर आलेली, कपाळ थोडं मागे झुकलेलं. तो रंग स्वरूपाने स्वतः चढवला होता, सात थर देऊन, मातकट रंगात तांबूस मिसळून. असा चेहरा तिने परभणीच्या बाजारात पाहिला असता तर परका वाटला नसता.

"माझी आहे ती," स्वरूपा म्हणाली. "मला दे."

हातोडा जड होता. फायबर आतून पोकळ असतं. एका घावात कवटी फुटली असती.

मग तिच्या मनात आलं, फोडलं आणि आत सायली असली तर? ती कुठे जाईल? तळवड्याच्या त्या खोल्यांत चौदा महिने स्वरूपाने वाट पाहिली होती, कपडे तसेच ठेवले होते, अंथरुणात जागा ठेवली होती. तिथे ती एकदाही आली नव्हती. इथे आली. कुणाचं तरी मूल हरवलं होतं तिथे. ज्या हाताला तिची भाषा येत नाही, अशा हाताखाली ती शांत झोपली होती.

भिमाजी आला तेव्हा ती खाली बसलेली होती. त्याने तिच्या हातातला हातोडा काढून घेतला. तो तिच्याशेजारी टेकला. थोड्या वेळाने तो म्हणाला, "माझी धाकटी व्हती. घटसर्पानं गेली, लई वर्सं झाली. आमी तिला नदीच्या कडंला ठिवली. मग तिथं पूल झाला, रस्ता झाला. आता तिच्यावरनं ट्रक जात्यात. म्या त्या रस्त्यानं जात न्हाई, बाय. लांबनं जातो."

मग त्याने तोंडाला उपरणं बांधलं आणि तो ग्राइंडरकडे गेला.

९

सहा खोकी पुढच्या मंगळवारी निघाली. स्वरूपानेच बाईला बांधलं. फोम लावताना तिने उजव्या हाताच्या आजूबाजूला जागा मोकळी सोडली. नौशाद म्हणाला, "हात मोडेल ताई, तिथं भरा काहीतरी." ती म्हणाली, "नाही मोडणार."

दारातल्या काट्यावर एकेक खोकं चढत होतं. नौशाद हातातल्या कागदावरचा आकडा वाचायचा, रियाज काट्यावरचा. होडीवाला माणूस, बरोबर. म्हातारा, बरोबर. बाईचं खोकं चढलं.

"बेचाळीस," नौशाद म्हणाला.

"भाई, एकसष्ट दाखवतंय," रियाज म्हणाला.

काटा शून्यावर आणून पुन्हा खोकं चढवलं. एकसष्ट. नौशादने दुसरं खोकं ठेवून पाहिलं, ते बरोबर भरलं. परत बाईचं ठेवलं. एकसष्ट.

"एकोणीस किलो जास्त कसं? हातोडे-बितोडे राहिले का आत?" नौशाद वळला. "ताई, तुम्ही बांधलं ना हे? उघडून बघू या का?"

रियाजने पहार उचललीसुद्धा होती.

शेवटच्या दवाखान्यात सलाइन लावण्याआधी नर्सने सायलीला काट्यावर उभं केलं होतं. तापाने तिचा तोल जात होता, म्हणून स्वरूपाने मागून एक बोट तिच्या पाठीला लावलं होतं. नर्स म्हणाली होती, बोट काढा, वजन चुकतं. स्वरूपाने बोट काढलं होतं. एकोणीस.

"उघडू नका," ती म्हणाली.

"अहो, पण कागदावर..."

"कागदावर एकसष्ट लिहा, भाई. मी सांगते ना." तिचा आवाज ऐकून नौशादने रियाजच्या हातातली पहार खाली घेतली. त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग खोक्याकडे पाहिलं, आणि बेचाळीस खोडून एकसष्ट लिहिलं. 

खोकं टेम्पोत चढलं. स्वरूपा मागोमाग गेली. "रियाजभाऊ, उभंच ठेव. आडवं करू नको. आणि सावकाश ने, खड्डे चुकवून."

"बंदरापर्यंत सावकाशच नेतो ताई."

"समुद्राची तिला भीती वाटते," ती म्हणाली. "पण कुणीतरी आहे सोबत."

रियाज गाडीत बसला. टेम्पो वळणावरून मुख्य रस्त्याला लागला, दोन कंटेनरच्या मध्ये शिरला आणि दिसेनासा झाला.

धनेशला लाइनवर फोन घ्यायची परवानगी नव्हती. जेवणाच्या सुट्टीत त्याने तिचे सहा मिस कॉल पाहिले आणि घाबरून फोन लावला. मागे भांड्यांचा आणि माणसांचा गलका होता.

"काय झालं? स्वरूपा? काय झालं?"

"अहो," ती म्हणाली, "आपली सायली गेली."

त्या गलक्यात त्याने फोन कानाशी घट्ट धरला. मग भर कॅन्टीनमध्ये, ताट हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसांसमोर, ती गेल्यापासून पहिल्यांदाच तो मोठ्याने रडायला लागला.